जाहिरात खातं एजन्सीला द्यायचं, पण पासवर्ड नाही: 'पार्टनर' परवानगी नेमकी कशी काम करते?

तुमच्या इनबॉक्समध्ये एक ई-मेल येतो. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात फेसबुकमेल डॉट कॉम लिहिलेलं आहे आणि ते खरंच फेसबुकचं आहे. मजकूर असा, की तुमच्या व्यवसायाला मेटाच्या एका कार्यक्रमात सहभागी होण्याचं निमंत्रण आलंय, खालची लिंक उघडून मान्यता द्या. पत्ता खरा, मांडणी ओळखीची, घाई तर नेहमीचीच. तुम्ही क्लिक करता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीने अशाच ई-मेलच्या लाटेची माहिती जाहीर केली. कंपनीच्या ५ हजारांहून अधिक ग्राहकांकडे असे ४० हजारांहून जास्त ई-मेल गेले होते. यातली मेख अशी, की भामट्यांनी फेसबुकचा पत्ता नकली बनवला नव्हता. त्यांनी फेसबुकवर खोटी बिझनेस पेजेस उघडली, त्यांना अधिकृत वाटतील अशी नावं आणि लोगो दिले आणि मेटाचीच निमंत्रण पाठवण्याची सोय वापरली. म्हणजे ई-मेल मेटाच्या यंत्रणेतूनच बाहेर पडला. फसवणूक होती ती आतल्या लिंकमध्ये.

'पाठवणाऱ्याचा पत्ता तपासा' हा सल्ला आपण इतकी वर्षं ऐकत आलोय. इथे तो पाळूनही माणूस फसू शकतो. भामट्यांनी नेमकी हीच सोय निवडली, कारण छोटे-मोठे व्यावसायिक आपल्या जाहिराती बाहेरच्या माणसाकडे सोपवतात आणि अशी निमंत्रणं त्यांच्या रोजच्या कामाचा भाग झालेली असतात.

मग बाहेरच्या एजन्सीला किंवा फ्रीलान्सरला आपल्या जाहिरात खात्यात घ्यायचं कसं? आणि घेतल्यावर आपल्या हातात नेमकं काय राहतं?

जाहिरात खात्यात चोरण्यासारखं काय असतं?

वैयक्तिक फेसबुक खातं हॅक झालं की भामटा मित्रांकडे पैसे मागतो. जाहिरात खातं हाती लागलं की मागण्याचीही गरज उरत नाही. कारण तिथे तीन गोष्टी तयार असतात.

पहिली गोष्ट पैसा. खात्याला कार्ड जोडलेलं असतं किंवा आगाऊ रक्कम भरलेली असते. भामटा स्वतःच्या जाहिराती तुमच्या पैशांवर चालवतो. या जाहिराती बहुतेकदा बनावट औषधांच्या, नकली मालाच्या किंवा गुंतवणुकीच्या खोट्या योजनांच्या असतात.

दुसरी गोष्ट पत. नव्याने उघडलेल्या खात्याला मेटा सुरुवातीला कमी खर्चाची मुभा देते आणि त्याच्यावर जास्त लक्षही ठेवते. वर्षानुवर्षं नियमित पैसे भरणाऱ्या खात्याची जाहिरात तुलनेने सहज पुढे जाते. ही पत तुम्ही कमावलेली असते आणि वापरतो तो दुसराच.

तिसरी गोष्ट ग्राहकांची माहिती. जाहिरातीसाठी अपलोड केलेल्या मोबाइल नंबरांच्या याद्यांवर बेतलेले ग्राहकगट, वेबसाइटवर कोण काय पाहून गेलं हे टिपणारा पिक्सेल, जाहिरातीतल्या फॉर्ममधून लोकांनी भरलेली नावं आणि पत्ते, हे सगळं याच घरात असतं.

नुकसान पैशांपाशी थांबत नाही. भामट्याने नियमबाह्य जाहिराती चालवल्या की मेटाची यंत्रणा खातं बंद करते. तिच्या लेखी त्या जाहिराती तुमच्याच असतात. दिवाळीच्या तोंडावर खातं बंद पडलं तर हंगाम गेला, हे सांगायला कोणी लागत नाही.

एजन्सीच निशाण्यावर का?

एका दुकानाचं खातं फोडलं तर एकच खातं मिळतं. दहा दुकानांची कामं बघणाऱ्या माणसाचं खातं फोडलं तर दहा खाती मिळतात. हा साधा हिशोब आहे.

जून २०२१ मध्ये फेसबुकने व्हिएतनाममधल्या चौघांवर अमेरिकेत दावा दाखल केला. त्यांनी अँड्रॉइडसाठी जाहिरात व्यवस्थापनाचं वाटावं असं एक ॲप तयार केलं होतं. ते घेऊन लॉगिन करणाऱ्यांमध्ये जाहिरात आणि मार्केटिंग एजन्सींचे कर्मचारी होते. त्यांच्या खात्यांमधून ३ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक किमतीच्या अनधिकृत जाहिराती चालवल्या गेल्या, असं फेसबुकने तेव्हा सांगितलं.

पुढच्याच वर्षी, जुलै २०२२ मध्ये, विथसिक्युअर या फिनलंडच्या कंपनीने 'डकटेल' नावाच्या मोहिमेचा तपशील मांडला. हीसुद्धा व्हिएतनाममधूनच चालत होती. लिंक्डइनवर मार्केटिंग, डिजिटल मीडिया, मनुष्यबळ अशा विभागांत काम करणारी माणसं शोधायची आणि त्यांना प्रकल्पाची किंवा उत्पादनाची माहिती म्हणून एक फाइल पाठवायची, अशी ही रीत. फाइल उघडली की संगणकात शिरलेला प्रोग्रॅम ब्राउझरमधल्या कुकीज चोरायचा आणि त्या व्यक्तीला ज्या ज्या बिझनेस खात्यात प्रवेश आहे तिथे भामट्याचा ई-मेल सर्वोच्च अधिकारांसह जोडायचा. सोबत आर्थिक बदल करण्याचा अधिकारही घ्यायचा.

इथे कुकी म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. तुम्ही एकदा लॉगिन केलं की वेबसाइट ब्राउझरला एक प्रकारचा गेटपास देते, म्हणून दर वेळी पासवर्ड टाकावा लागत नाही. हा गेटपासच चोरीला गेला तर भामट्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. 'आमच्याकडे ओटीपी आहे, आम्ही सुरक्षित आहोत' हे म्हणूनच अर्धसत्य आहे. ओटीपी हवाच, पण तेवढा पुरत नाही.

त्यामुळे एजन्सी कितीही प्रामाणिक असली तरी प्रश्न संपत नाही. तिथल्या एका मुलाने चुकीची फाइल उघडली तर काय काय जाऊ शकतं, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर तुम्ही त्यांना किती परवानगी दिली होती यावर ठरतं.

पासवर्ड देऊन टाकला तर काय बिघडतं?

आपल्याकडे सर्रास चालणाऱ्या तीन पद्धती आहेत. मालक आपल्या वैयक्तिक फेसबुकचा पासवर्ड एजन्सीच्या मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवतो. किंवा दुकानाच्या नावाने एक खोटं प्रोफाइल उघडून त्याचा पासवर्ड सगळ्यांना दिला जातो. किंवा मालक म्हणतो, 'मला त्यातलं काही कळत नाही, तुम्हीच सगळं उघडा,' आणि एजन्सी स्वतःच्या नावावर खातं उघडते.

पहिल्या पद्धतीत तुमचे खासगी मेसेज, फोटो आणि व्यवसाय हे सगळं एकाच चावीला लटकतं. शिवाय कोणी काय बदललं ते कळत नाही, कारण नोंद तुमच्याच नावाने होते. पासवर्ड इतरांना न देण्याची अट फेसबुकच्या नियमांत स्पष्ट आहे.

दुसऱ्या पद्धतीतलं प्रोफाइल मुळातच नियमबाह्य असतं. ते कधीही बंद होऊ शकतं. ओळख पटवायला सरकारी ओळखपत्र मागितलं, तर 'अमुक ड्रेसेस' नावाचं ओळखपत्र आणणार कुठून? त्या प्रोफाइलशिवाय पेजवर दुसरा कोणी ॲडमिन नसेल, तर पेजही हातचं जातं.

तिसरी पद्धत सर्वांत सोयीची वाटते आणि सर्वांत महाग पडते. मेटाच्या यंत्रणेत जाहिरात खातं एका वेळी एकाच बिझनेस पोर्टफोलिओच्या मालकीचं असतं आणि एकदा एखाद्या पोर्टफोलिओत मालकीने जोडलं की ते तिथून काढून दुसरीकडे नेता येत नाही. पाच वर्षांनी एजन्सी बदलायची ठरली तर जुन्या जाहिराती, कोणता ग्राहक कशाला भुलतो याची नोंद, खात्याची पत, हे सगळं जुन्या एजन्सीकडे राहतं. त्यांनी फसवलं असं नव्हे. मालकच ते झाले होते.

मग रीतसर पद्धत कोणती?

मेटाने २०१४ मध्ये 'बिझनेस मॅनेजर' आणलं. आज त्याच रचनेला 'बिझनेस पोर्टफोलिओ' म्हणतात. याला तुमच्या व्यवसायाची तिजोरी समजा. पेज, इन्स्टाग्राम, जाहिरात खातं, पिक्सेल, उत्पादनांचा कॅटलॉग या सगळ्या वस्तू तिजोरीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. तिजोरी तुमच्या नावावर हवी, ही पहिली अट.

या तिजोरीत बाहेरच्यांना दोन वाटांनी घेता येतं.

एक वाट 'पीपल' म्हणजे माणसांची. यात एका व्यक्तीला तिच्या ई-मेलवरून निमंत्रण जातं आणि ती तुमच्या पोर्टफोलिओची सदस्य होते. ही वाट तुमच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी योग्य. ज्याच्याकडे स्वतःचा पोर्टफोलिओ नाही अशा एकट्या फ्रीलान्सरलाही असं घेता येतं, पण त्याला 'पूर्ण नियंत्रण' कधीही देऊ नये. पूर्ण नियंत्रण असलेली व्यक्ती इतरांना काढू शकते. त्या इतरांमध्ये तुम्हीही आलात.

दुसरी वाट 'पार्टनर'ची. यात तुम्ही माणसाला नव्हे, तर एजन्सीच्या पोर्टफोलिओला ठरावीक वस्तूंवर काम करू देता. सेटिंग्जमध्ये पार्टनर्सचा विभाग उघडायचा, आपल्या वस्तूंवर पार्टनरला परवानगी देण्याचा पर्याय निवडायचा, एजन्सीचा बिझनेस आयडी टाकायचा, कोणत्या वस्तू द्यायच्या त्या निवडायच्या आणि प्रत्येकीसाठी परवानगीची पातळी ठरवायची. कोणता कर्मचारी काम करेल ते एजन्सी तिच्या बाजूने ठरवते. तो नोकरी सोडून गेला तर त्याला काढायची जबाबदारी तिची. तुम्हाला त्याचं नावही माहीत असण्याची गरज नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. परवानगीची सुरुवात तुमच्याकडून व्हावी. एजन्सीचा बिझनेस आयडी फोनवर बोलून, ओळखीच्या नंबरावर खात्री करून घ्या आणि तो स्वतः टाइप करा. ई-मेलमधल्या लिंकवरून काही मंजूर करू नका. खरी विनंती आलेली असेल तर तुम्ही स्वतंत्रपणे लॉगिन केल्यावर ती सेटिंग्जमध्येही दिसतेच. सुरुवातीला सांगितलेल्या ई-मेलवर हाच साधा उतारा आहे.

किती परवानगी पुरे?

जाहिरात खात्यासाठी ढोबळमानाने तीन पातळ्या आहेत.

- फक्त कामगिरी पाहणे: अहवाल दिसतो, बदलता काही येत नाही. हिशोबनीस किंवा सल्लागार यांच्यासाठी ही पुरेशी.
- मोहिमा सांभाळणे: जाहिराती तयार करणे, बदलणे, थांबवणे. रोजचं काम करणाऱ्या एजन्सीला बहुतेक वेळा एवढंच लागतं.
- खातं सांभाळणे: वरचं सगळं, शिवाय पैसे भरण्याची साधनं, खात्याच्या सेटिंग्ज आणि इतरांच्या परवानग्या. ही पातळी स्वतःकडे ठेवा.

एजन्सी 'ॲडमिनच लागेल' म्हणाली तर 'कोणत्या कामासाठी?' एवढंच विचारा. कधी खरंच कारण असतं. मग तेवढ्यापुरती परवानगी वाढवायची आणि काम झालं की पुन्हा खाली आणायची.

पेजचंही तसंच. जाहिराती चालवायला पेजवर जाहिरातींची परवानगी पुरते. मेसेजला उत्तरं द्यायची असतील तर तीही वेगळी देता येते. पेजचं पूर्ण नियंत्रण द्यावं लागत नाही.

मात्र मधल्या पातळीबद्दल एक गैरसमज आहे. 'मोहिमा सांभाळणे' म्हणजे कार्ड बदलता येत नाही, हे बरोबर. पण जोडलेल्या कार्डावरचा पैसा खर्च करता येतोच, कारण जाहिरात चालवणं म्हणजेच खर्च करणं. म्हणून पैशाला वेगळी कुलुपं लागतात.

पैशाची कुलुपं

पहिलं कुलूप खात्याची एकूण खर्चमर्यादा. ती पेमेंटच्या सेटिंग्जमध्ये लावता येते. रक्कम गाठली की त्या खात्यातल्या सगळ्या जाहिराती थांबतात. महिन्याला २० हजार खर्च ठरला असेल तर मर्यादा त्याच्या आसपास ठेवा आणि दर महिन्याला स्वतः वाढवा. थोडी कटकट आहे, पण रात्रीत दोन लाख जाण्यापेक्षा बरी.

दुसरं कुलूप आगाऊ भरणा. भारतात यूपीआय किंवा नेटबँकिंगने आधी पैसे भरून मग जाहिरात चालवता येते. खात्यात ५ हजार असतील तर जास्तीत जास्त ५ हजार जातील. छोट्या व्यवसायासाठी ही पद्धत सर्वांत निर्धोक.

तिसरं कुलूप दोन टप्प्यांची पडताळणी. तुमच्या पोर्टफोलिओतल्या सगळ्यांना ती सक्तीची करण्याची सोय मेटामध्ये आहे. ओटीपी एसएमएसवर घेण्यापेक्षा ऑथेंटिकेटर ॲपवर घेणं चांगलं. कुकीचोरीपासून वाचायचं असेल तर जाहिरातीचं काम ज्या ब्राउझरमध्ये चालतं तिथे फुकटची एक्स्टेन्शन्स आणि 'क्रॅक' केलेली सॉफ्टवेअर्स नकोतच.

आणि पूर्ण नियंत्रण असलेल्या किमान दोन विश्वासू व्यक्ती आपल्या बाजूने ठेवा. एकाचं खातं अडकलं तर दुसऱ्याला दार उघडता यायला हवं.

काम संपलं, चावी परत घेतली का?

घर भाड्याने देताना आपण करार करतो आणि भाडेकरू गेला की कुलूप बदलतो. जाहिरात खात्यात मात्र तीन वर्षांपूर्वीची एजन्सी अजून पार्टनर म्हणून बसलेली सापडते. तिच्याकडचं कोणी फसलं तर आग तुमच्या घरापर्यंत येते.

दर तीन महिन्यांनी दहा मिनिटं काढून तीन याद्या बघा: पीपल, पार्टनर्स आणि जोडलेली बाहेरची ॲप्स. ओळखता न येणारं नाव दिसलं तर आधी परवानगी काढा, चौकशी नंतर करा. एजन्सी बदलताना पार्टनर काढण्याआधी चालू मोहिमा, लीड फॉर्मची माहिती आणि अहवाल उतरवून घ्या.

गुगलवर जाहिराती चालवत असाल तर?

तत्त्व तेच, नावं वेगळी. गुगल ॲड्समध्ये एजन्सीकडे 'मॅनेजर अकाउंट' असतं. तुम्ही त्यांना तुमच्या खात्याचा १० अंकी क्रमांक देता, ते जोडणीची विनंती पाठवतात, तुम्ही ती खात्यात जाऊन मान्य करता आणि हवं तेव्हा जोडणी तोडता. विनंतीत एजन्सी मालकीचा हक्कही मागत असेल तर तो देऊ नका. फक्त वाचणे, सर्वसाधारण, बिलिंग, ॲडमिन अशा पातळ्या इथेही आहेत.

इथलाही एक सापळा माहीत असावा. जानेवारी २०२५ मध्ये मालवेअरबाइट्स या कंपनीने दाखवून दिलं, की गुगलवर 'गुगल ॲड्स' असं शोधणाऱ्यांना वरती प्रायोजित म्हणून दिसणाऱ्या काही लिंक भामट्यांच्या होत्या आणि त्या खोट्या लॉगिन पानावर नेत होत्या. म्हणून शोधून जाऊ नका, पत्ता बुकमार्क करून ठेवा.

कायद्याच्या दृष्टीने जबाबदार कोण?

ग्राहकांचे नंबर एजन्सीच्या हाती दिले की जबाबदारी संपली, असं अनेकांना वाटतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याच्या उलट सांगतो. माहिती गोळा करणारा व्यवसाय मुख्य जबाबदार, त्याच्या वतीने काम करणाऱ्याने केलेल्या वापराचीही जबाबदारी त्याचीच आणि असं काम देताना वैध करार हवा. माहिती सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कोणी उद्या २५० कोटी मागणार नाही. पण 'ते एजन्सीने केलं' हे उत्तर यापुढे चालणार नाही, एवढं नक्की.

त्यामुळे एजन्सीशी एक पानाचा का होईना, लेखी करार करा. खातं कोणाच्या मालकीचं, माहिती कुठे वापरायची नाही, काही संशयास्पद दिसलं तर किती तासांत कळवायचं आणि काम संपल्यावर काय परत द्यायचं, हे चार मुद्दे त्यात हवेत.

खातं हातातून गेलंच तर?

- आधी पैशाचा रस्ता बंद करा. बँकेला फोन करून कार्ड थांबवा.
- अजून आत जाता येत असेल तर सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, मग पासवर्ड बदला. चोरलेला गेटपास त्याने निकामी होतो.
- अनोळखी माणसं आणि पार्टनर काढा, चालू जाहिराती थांबवा. काढण्यापूर्वी स्क्रीनशॉट घ्या.
- १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर पहिले काही तास मोलाचे असतात.
- मेटाच्या बिझनेस मदत केंद्रातून अनधिकृत खर्चाची तक्रार करा. तक्रारीची पोच जपून ठेवा.

पैसे परत मिळतात का? कधीकधी. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या एका कंपनीविरुद्ध केलेल्या दाव्यात फेसबुकने सांगितलं होतं, की अशाच प्रकारात फसलेल्यांना ४० लाख डॉलरहून अधिक रक्कम परत केली. पण परतावा हा कंपनीचा निर्णय असतो, तुमचा हक्क नव्हे. तोवरचा हंगाम तर कोणीच परत देत नाही.

सगळा भार वापरणाऱ्यावरच का?

इथे एक प्रश्न उरतो. जाहिरातीचे पैसे मेटा आणि गुगल घेतात. खोटी पेजेस त्यांच्याच व्यासपीठावर उघडतात, निमंत्रणं त्यांच्याच सर्व्हरवरून जातात, खोट्या लॉगिन पानाची जाहिरातही त्यांच्याच यादीत वर दिसते. मग सावध राहायचं ते फक्त दुकानदाराने?

कंपन्यांना करता येईल असं बरंच आहे. नवीन ॲडमिन जोडला की काही तास थांबून मगच त्याला अधिकार देणं, मालकाला निमंत्रणाच्या ई-मेलमध्ये स्वतःचा मजकूर घुसवू न देणं, अडकलेल्या छोट्या व्यावसायिकाला यंत्राऐवजी माणसाशी बोलता येणं, या काही अवघड गोष्टी नाहीत. यातलं काही आज आहे, काही तुकड्यातुकड्यांत आहे. सुरक्षित पद्धतही पाच-सहा मेनूंच्या आत दडलेली आहे, तर पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवायला पाच सेकंद लागतात. लोक सोपी वाट धरणारच.

ते बदलेपर्यंत आपल्या हातात आहे ते करायचं. आज संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी सेटिंग्ज उघडा आणि एकच गोष्ट पाहा: तुमचं जाहिरात खातं कोणाच्या पोर्टफोलिओच्या मालकीचं आहे? तिथे तुमचं नाव नसेल, तर एजन्सीला फोन करायची वेळ आजच आहे, भांडण झाल्यावर नाही.